‘दोन दिवसांत होईल’ म्हणण्याआधी…

‘किती वेळ लागेल?’ हा प्रश्न कॉलेजच्या प्रोजेक्टपासून पहिल्या नोकरीपर्यंत तुमचा पिच्छा सोडत नाही. उत्तर मनाने ठोकून द्यायचं, की आधीच्यांचे आकडे बघून द्यायचं?

सिनॉप्सिस द्यायच्या आदल्या रात्रीचं चित्र सगळ्या कॉलेजांत सारखंच असतं. ग्रुपवर मेसेज पडतो, ‘टाइमलाइनमध्ये काय लिहू?’ लगेच कुणीतरी टाकतं, ‘लिही ना तीन महिने. होऊन जाईल.’ मग टेबल तयार होतं. रिक्वायरमेंट दोन आठवडे, डिझाइन दोन आठवडे, कोडिंग सहा आठवडे, टेस्टिंग एक आठवडा, ब्लॅक बुक एक आठवडा. बेरीज बरोब्बर बारा आठवडे! येणारच, कारण तीन महिने आधी ठरले आणि रकाने नंतर भरले.

पुढचं तुम्हाला माहितीये. कोडिंग आधी टेस्टिंगचा आठवडा खातं, मग ब्लॅक बुकचा खातं आणि व्हायवाच्या आदल्या रात्री चार जण एका लॅपटॉपभोवती बसून ‘लॉगिन का चालत नाहीये’ याचा शोध लावत असतात.

कॉलेजात हे खपून जातं. पण वर्षा-दोन वर्षांत तुमच्यातले बरेच जण हिंजवडीत किंवा ऐरोलीत एखाद्या टीममध्ये बसलेले असतील. टीम लीड विचारेल, ‘हे किती दिवसांत होईल?’ सगळे तुमच्याकडे बघतील. तुम्ही टीममधले सगळ्यांत नवे. पाच दिवस म्हटलं तर कच्चे वाटू, या भीतीने तोंडून निघून जाईल, ‘दोन दिवस.’ ते ‘दोन दिवस’ शीटमध्ये जातात, शीट मॅनेजरकडे जातं, मॅनेजर क्लायंटला शब्द देतो. आणि तो शब्द पाळायला शनिवार-रविवार जातो तो तुमचा.

म्हणजे हा विषय फक्त मॅनेजर लोकांच्या एक्सेल शीटचा नाही. अंदाज चुकला की त्याची किंमत बहुतेक वेळा टीममधला सगळ्यांत ज्युनिअर माणूस मोजतो. म्हणूनच हा हिशेब त्यानेच आधी शिकून घ्यायला हवा.

हुशार माणसंही इथेच फसतात

आधी एक दिलासा. अंदाज चुकणं हा तुमच्या बॅचचा खास गुण नाही. १९९४ साली कॅनडातल्या संशोधकांनी मानसशास्त्राच्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं, समजा जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं, तर? उत्तर आलं ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५ दिवस! म्हणजे त्यांनी कल्पनेत रंगवलेल्या सगळ्यांत वाईट परिस्थितीपेक्षाही खरी परिस्थिती वाईट निघाली. सांगितलेल्या वेळेत काम पूर्ण करणारे होते जेमतेम ३० टक्के.

डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या सवयीला नाव दिलं होतं, ‘प्लॅनिंग फॅलसी’. आणि गंमत म्हणजे कानेमान स्वतःही त्यात अडकले होते. इस्रायलमध्ये ते काही जणांबरोबर शाळेसाठी एक अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करत होते. काम कधी संपेल, याचा अंदाज प्रत्येकाने कागदावर लिहिला. बहुतेकांचं उत्तर दोन वर्षांच्या आसपास होतं. मग कानेमान यांनी टीममधल्या अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं, असं काम करणाऱ्या इतर टीमना किती वेळ लागला? तो गृहस्थ गडबडला. म्हणाला, साधारण ४० टक्के टीमचं काम कधी पूर्णच झालं नाही आणि ज्यांचं झालं, त्यांना सात ते दहा वर्षं लागली. या माणसाने स्वतःच्या कागदावर मात काय लिहिलं होतं? इतरांसारखीच दोन वर्षं! पुस्तक शेवटी आठ वर्षांनी पूर्ण झालं. हा किस्सा कानेमान यांनी ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ या पुस्तकात सांगितला आहे.

यातला मुद्दा नीट बघा. माहिती त्याच टेबलवर होती, त्याच माणसाच्या डोक्यात होती, पण कुणी विचारेपर्यंत ती बाहेर आली नाही. आपण स्वतःच्या प्लॅनकडे आतून बघतो, तेव्हा फक्त ठरवलेली कामं दिसतात. आजारपण, परीक्षा, गाइडने ऐन वेळी बदललेला विषय, न चालणारं वायफाय यांपैकी काहीच प्लॅनमध्ये नसतं. इतरांना लागलेल्या वेळेत मात्र हे सगळं आपोआप धरलेलं असतं. बेंचमार्क डेटाची खरी ताकद हीच.

आचारी काय विचारतो?

घरी कार्य असलं आणि आचाऱ्याला बोलावलं, की तो ‘जेवण किती मोठं?’ असं विचारत नाही. तो विचारतो, ‘किती पानं उठणार?’ पानांची संख्या कळली की तांदूळ किती, डाळ किती, वाढपी किती, हे तो तिथल्या तिथे सांगतो. कारण शंभर पानांना काय लागतं, याचा हिशेब त्याच्याकडे आधीच्या कित्येक कार्यांवरून तयार आहे. दोन गोष्टी त्याच्या हातात असतात. कामाचा आकार मोजायचं माप आणि त्या मापाचा जुना दर.

मग सॉफ्टवेअरमध्ये ‘पान’ कशाला म्हणायचं? बरीच वर्षं लोक कोडच्या ओळी मोजायचे. पण तेच काम एका भाषेत हजार ओळींत होतं, तर दुसरीत दोनशे ओळींत. शिवाय ओळी मोजायच्या तर आधी कोड लिहावा लागतो, आणि आपल्याला अंदाज हवाय तो कोड लिहिण्याआधी.

आयबीएममधल्या अॅलन आल्ब्रेख्त यांनी १९७९ मध्ये यावर एक उपाय मांडला, तो म्हणजे फंक्शन पॉइंट. कोड कसा लिहिलाय ते सोडा, वापरणाऱ्याला काय मिळतं ते मोजा. यात पाच प्रकार येतात. आत जाणारी माहिती, हिशेब होऊन बाहेर येणारी माहिती, नुसती विचारपूस, सिस्टिमने सांभाळलेला साठा आणि दुसऱ्या सिस्टिमकडून वाचलेला साठा. प्रत्येक गोष्ट सोपी, मध्यम की अवघड, यावरून तिचे गुण ठरतात. हे नियम सांभाळण्यासाठी १९८६ मध्ये ‘आयएफपग’ नावाची संस्था स्थापन झाली. आज ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ब्राझीलच्या सरकारी सॉफ्टवेअर कंत्राटांत ती सर्रास वापरली जाते. रंगारी जसा चौरस फुटाने पैसे घेतो, तसंच हे.

माप झालं, आता दर. ऑस्ट्रेलियात ‘इंटरनॅशनल सॉफ्टवेअर बेंचमार्किंग स्टँडर्ड्स ग्रुप’, म्हणजे आयएसबीएसजी, नावाची ना-नफा संस्था आहे. वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्या तिच्याकडे आपल्या संपलेल्या प्रोजेक्टची नोंद कंपनीचं नाव गुप्त ठेवून देतात. आकार किती होता, तास किती लागले, टीम केवढी, भाषा कोणती, काम नवं होतं की जुन्या सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती. अशा हजारो नोंदी तिथे जमा आहेत. त्यातून आपल्यासारखे प्रोजेक्ट गाळून घ्यायचे आणि बघायचं, एका फंक्शन पॉइंटला किती तास लागले.

चला, मोजूया

थिअरी पुरे. समजा तुमच्या ग्रुपला कॉलेज कॅन्टीनचं प्री-ऑर्डर अॅप करायचंय. आयएफपगच्या गुणांनी मोजू.

आत जाणारी माहिती: विद्यार्थ्याची नोंदणी ३, ऑर्डर देणं ४, ऑर्डर रद्द करणं ३, मेन्यूत नवा पदार्थ टाकणं ३, पदार्थाची किंमत बदलणं ३. एकूण १६.
बाहेर येणारी माहिती: दिवसाच्या विक्रीचा रिपोर्ट ४, महिन्याचं बिल ५. एकूण ९.
विचारपूस: मेन्यू बघणं ३, ऑर्डर कुठवर आली ते बघणं ३. एकूण ६.
सांभाळलेला साठा: विद्यार्थी, मेन्यू, ऑर्डर, प्रत्येकी ७. एकूण २१.
बाहेरचा साठा: कॉलेजची रोल नंबर यादी ५.

बेरीज ५७ फंक्शन पॉइंट. हा झाला तुमच्या पंगतीतल्या पानांचा आकडा.

आता दर. आयएसबीएसजीचा डेटा विकत घ्यावा लागतो आणि तो कंपन्यांचा असतो, कॉलेजच्या मुलांचा नाही. त्यामुळे तुमच्यासाठी खरा बेंचमार्क म्हणजे तुमचे सीनिअर्स. उदाहरणापुरतं धरू, की पाच सीनिअर ग्रुपना एका फंक्शन पॉइंटला अनुक्रमे ६, ७, ८, १० आणि १४ तास लागले. सरासरी येते ९. पण एका ग्रुपचं गाडं पार रुतलं, म्हणून ती वर गेलीये. अशा वेळी मीडियन, म्हणजे रांगेत मधोमध उभा असलेला आकडा घ्यायचा. तो आहे ८.

५७ गुणिले ८, म्हणजे ४५६ तास. चार जणांचा ग्रुप, लेक्चर-प्रॅक्टिकल सांभाळून प्रत्येकी आठवड्याला खरोखरचे ६ तास, म्हणजे आठवड्याला २४ तास. ४५६ भागिले २४ केलं की येतात १९ आठवडे. तुमच्याकडे आहेत पंधरा!

लगेच घाबरू नका. हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं, हाच तर फायदा. आता पर्याय उघडे आहेत. महिन्याचं बिल, ऑर्डर रद्द करणं आणि किंमत बदलणं ही तीन कामं ‘पुढच्या टप्प्यात’ ढकलली, तर ११ पॉइंट कमी होतात. उरतात ४६, म्हणजे ३६८ तास, म्हणजे साधारण पंधरा आठवडे. सिनॉप्सिस देतानाच गाइडना हे टेबल दाखवलं, तर ती तक्रार वाटत नाही, ते प्लॅनिंग वाटतं.

आणि एकच आकडा सांगू नका, पट्टा सांगा. सगळ्यांत वेगवान ग्रुपच्या दराने पूर्ण ५७ पॉइंटना १४ आठवडे, सगळ्यांत रखडलेल्या ग्रुपच्या दराने ३३. बॅरी बोहेम यांनी ६३ प्रोजेक्टच्या नोंदींवरून १९८१ मध्ये ‘कोकोमो’ हे एस्टिमेशन मॉडेल मांडलं. त्यांचंही म्हणणं होतं, की काम अगदी कल्पनेच्या पातळीवर असताना केलेला अंदाज खऱ्या आकड्याच्या चौपट किंवा पाव असू शकतो. काम पुढे सरकतं, तसा हा पट्टा अरुंद होत जातो.

चौथ्या आठवड्याची परीक्षा

बेंचमार्क एकदा वापरून कपाटात ठेवायची वस्तू नाही. चार आठवडे संपले, म्हणजे ९६ तास गेले. ८ च्या दराने १२ पॉइंटचं काम हातावेगळं व्हायला हवं होतं. ‘हातावेगळं’ म्हणजे टेस्ट करून चालणारं. ‘नव्वद टक्के झालंय’ याचे गुण शून्य! समजा फक्त ६ पॉइंट झाले असतील, तर तुमचा दर सध्या १६ आहे. सुरुवातीला सेटअपमध्ये वेळ जातो हे मान्य, पण आता कान टवकारायची वेळ आली. काय कापायचं ते चौथ्या आठवड्यात ठरवलं तर प्रोजेक्ट छोटा होतो, चौदाव्या आठवड्यात ठरवलं तर तो अर्धवट राहतो.

‘आणखी दोन जण घेऊ ना ग्रुपमध्ये’ हा उपाय मोहात पाडतो. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रोजेक्टचे प्रमुख फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवलंय, की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो. नव्याला शिकवायचं कुणी? जुन्यानेच. शिवाय चार जणांत बोलणाऱ्या जोड्या सहा होतात, आठ जणांत अठ्ठावीस!

आकडा छापला म्हणजे खरा?

इथे मास कॉमवाल्यांचा आवडता प्रश्न विचारायलाच हवा. आकडा आला कुठून? स्टँडिश ग्रुपचा १९९४ चा ‘केऑस रिपोर्ट’ सॉफ्टवेअरवरच्या असंख्य प्रेझेंटेशनमध्ये सापडतो. त्यात सरासरी खर्च १८९ टक्क्यांनी वाढतो, असं म्हटलं होतं. नॉर्वेतले संशोधक मॅग्ने योर्गेनसेन आणि शेटिल मोलोकेन यांनी २००६ मध्ये हा आकडा तपासला. त्याच काळातल्या इतर पाहण्यांमध्ये वाढ होती सुमारे ३३ टक्के. एवढी तफावत? आकडा कसा काढला, हे रिपोर्टमध्ये नीट सांगितलेलंच नव्हतं. तरी तो वर्षानुवर्षं फिरत राहिला.

आयएसबीएसजीसारख्या डेटातही एक गोम आहे. नोंदी कंपन्या स्वतःहून देतात. जो प्रोजेक्ट सपशेल आपटला, त्याचे आकडे उत्साहाने कोण पाठवेल? म्हणजे चित्र थोडं गोंडस असण्याची शक्यता धरूनच चालायचं. सीनिअर्सच्या बाबतीतही तसंच. पहिलं बक्षीस मिळवलेल्या ग्रुपला सगळेच विचारतात. रडतखडत पास झालेल्यांना आधी विचारा!

तुलनाही सारख्याशी सारख्याची हवी. बँकेच्या सॉफ्टवेअरचा दर कॅन्टीन अॅपला लावायचा नाही. नोकरीत ‘स्टोरी पॉइंट’ हा शब्द कानावर येईल, तो आणखी वेगळा. प्रत्येक टीम स्वतःच्या अंदाजाने ते ठरवते, त्यामुळे एका टीमचे स्टोरी पॉइंट दुसरीशी ताडून बघण्यात काही अर्थ नसतो.

‘पण आता एआय आहे, जुने आकडे कशाला?’ रास्त शंका. २०२५ मध्ये ‘मेटर’ या संशोधन संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर्सना २४६ कामं दिली, काही एआय वापरून आणि काही न वापरता. एआयमुळे आपण २४ टक्के लवकर संपवू, असा त्यांचा अंदाज होता. कामं संपल्यावर त्यांना वाटलं, आपण २० टक्के लवकर संपवली. घड्याळ म्हणालं, १९ टक्के जास्त वेळ लागला! ही मंडळी स्वतःच्या मुरलेल्या कोडवर काम करत होती, टूल्सही त्या वेळची होती. त्यामुळे एआय सगळ्यांनाच संथ करतं असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच, की ‘लवकर झाल्यासारखं वाटलं’ आणि ‘लवकर झालं’ यांत फरक असतो. साधनं बदलली की जुना दर मोडीत निघू शकतो. मग नव्याने मोजायचं.

माप हवं, छडी नको

मापाचा दुरुपयोगही होतो. १९८२ च्या सुमारास अॅपलमध्ये इंजिनिअर्सनी आठवड्यात किती ओळी कोड लिहिला, ते फॉर्मवर भरायचं असा नियम निघाला. बिल अॅटकिन्सन यांनी त्या आठवड्यात एक भाग नव्याने, सुटसुटीत लिहिला होता. तो कितीतरी पटीने वेगवान झाला आणि दोन हजार ओळी कमी झाल्या. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, ‘उणे २०००’. थोड्याच दिवसांत मॅनेजरनी त्यांच्याकडे फॉर्म मागणं सोडून दिलं.

बेंचमार्क प्रोजेक्टला लावायचा असतो, माणसाला नाही. ‘तुझा दर १०, तिचा ७’ असं सुरू झालं, की लोक काम सोडून आकडे सजवायला लागतात आणि त्या दिवसापासून डेटा खोटा होतो. पण हाच डेटा तुमच्या हातात असेल, तर तो ढाल होतो. ‘मला वाटतं जास्त वेळ लागेल’ हे वाक्य नवख्याच्या तोंडून लंगडं वाटतं. ‘आधीच्या अशा तीन कामांना चार ते सहा दिवस लागलेत, दोन दिवसांत हवं असेल तर यातला कुठला भाग वगळू?’ या वाक्याशी मात्र सीनिअरलाही वाद घालताना आकडेच आणावे लागतात. आवाज न चढवता, कुणाचा अपमान न करता ‘नाही’ म्हणायची ही सोय आहे.

सुरुवात कुठून कराल?

• तास लिहा. रोज, ग्रुपच्या एका शीटमध्ये, खरे. मीटिंग आणि अडकून बसलेला वेळही धरून.
• काम सुरू व्हायच्या आधी आकार मोजा. फंक्शन पॉइंट जड वाटले तर निदान स्क्रीन, रिपोर्ट आणि टेबलं मोजा. माप कुठलंही घ्या, ते मध्येच बदलू नका.
• आपला अंदाज लिहून ठेवा आणि नंतर सीनिअर्सचे आकडे विचारा. आधी विचारलंत, तर स्वतःची चूक कधीच कळणार नाही.
• एक आकडा न देता पट्टा द्या. सोबत काय गृहीत धरलंय तेही सांगा.
• प्रोजेक्ट संपला की एका पानावर लिहा: आकार, तास, टीम, कोणती साधनं वापरली, कुठे अडलो.

शॉर्ट फिल्म करणारे, फेस्टचं आयोजन करणारे, सर्व्हे प्रोजेक्टवाले, तुम्हालाही हे सगळं लागू आहे. पाच मिनिटांच्या फिल्मचं एडिटिंग गेल्या वर्षीच्या ग्रुपला किती तास पुरलं, हे विचारायला कोडिंग यावं लागत नाही.

आणि ते शेवटचं पान डिपार्टमेंटच्या लायब्ररीत ब्लॅक बुकच्या पहिल्या पानाआधी चिकटवून ठेवा. दहा बॅचनी असं केलं, तर अकराव्या बॅचकडे स्वतःचा बेंचमार्क असेल, तोही फुकट. तुमचा रखडलेला, रात्री जागून पूर्ण केलेला प्रोजेक्ट पुढच्या कुणाच्या तरी कामी यायचा असेल, तर त्याचे खरे तास लिहून ठेवा. कमी करून लिहिलेत, तर फसतील ते तुमचेच ज्युनिअर्स.